घुमट, कौलारू खोली आणि नवा ॲम्प्लिफायर

गेल्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, दुसऱ्या रात्रीच्या आरतीच्या वेळी, मी माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या, चौकटीला एक छोटा स्टिरिओ रेकॉर्डर बांधून ठेवला होता. खाली तीन घुमटे (मडक्याला चामडे लावून केलेली तालवाद्ये), एक शामेळ (हेही तालवाद्यच), कासाळ्यांच्या (काशाच्या झांजांच्या) दोन जोड्या आणि दिवसभर आरत्या म्हणून बसलेले दहा-बारा गळे होते. संगीत म्हणून त्या रेकॉर्डिंगला फारशी किंमत नाही. तिसऱ्या आरतीत एका घुमटाचा ताल चक्क सुटतो, आणि ते घुमट कोणाचे यावर आमच्या घरात अद्याप एकमत झालेले नाही. धाकटे काका म्हणतात पुतण्याचे, आणि पुतण्या वयाने लहान असल्यामुळे काहीच म्हणत नाही. तरीही गेले वर्षभर कोणताही स्पीकर किंवा ॲम्प्लिफायर पारखायचा झाला की मी हेच रेकॉर्डिंग लावत आलो आहे. दुकानात डेमोसाठी लावली जाणारी गुळगुळीत गाणी कोणत्याही स्पीकरवर बरी वाजतात. ज्या वाद्याचा आवाज आपल्या तळहाताला ठाऊक आहे, ते वाद्य स्पीकरमधून आले की खरेखोटे लगेच कळते.

आम्ही राहतो तो गोव्यातला फोंडा तालुका, जुन्या नावाने अंत्रुज महाल, आणि इथे कानसेनांना कधीच तोटा नव्हता. केसरबाई केरकरांचे केरी याच तालुक्यातले, दीनानाथ मंगेशकरांची आणि जितेंद्र अभिषेकींची मंगेशी याच तालुक्यातली. भजनाची पेटी ज्या घरात नाही असे घर आमच्या वाड्यावर शोधावे लागेल. मात्र यंत्रांचे वेड असलेला, म्हणजे ज्याला ऑडिओफाइल म्हणतात तसा माणूस, इथे विरळा. गावातल्या एका जुन्या भजनीबुवांनी मला एकदा तोंडावर सुनावले होते की कानसेन गाणे ऐकतो आणि तू गाण्याच्या आडून यंत्र ऐकतोस. त्यांचे म्हणणे मला मान्य आहे, आणि तरीही हे लिहीत आहे, कारण गेल्या दहाएक वर्षांत घरगुती ध्वनियंत्रणेत जे नवे आले त्याबद्दलचे माझे मत आता पक्के होत आले आहे. विजेच्या बाजूचे प्रश्न, म्हणजे ॲम्प्लिफायर, डॅक (आकड्यांतल्या गाण्याची विजेची लहर करणारे यंत्र), स्ट्रीमिंग, हे जवळजवळ सुटलेले आहेत आणि वर स्वस्तही झालेले आहेत. उरलेली लढाई खोलीशी आहे, आणि गोव्यात खोलीच्या जोडीला पाऊस आहे.

आमचा जुना ॲम्प्लिफायर थोरल्या काकांनी १९८४ साली कुवेतहून आणला होता. आखातात नोकरीला असलेल्या माणसाने सुट्टीवर येताना टू-इन-वन, कॅसेट डेक किंवा असा एखादा ॲम्प्लिफायर आणावा, ही त्या काळी गोव्यात अगदी घरोघरची गोष्ट होती. तो तेरा किलोंचा डबा मुलासारखा सांभाळत आम्ही चाळीस वर्षे वापरला. त्याच्या जाळीवर मांजर झोपत असे, कारण तो नुसता चालू ठेवला तरी तापत असे. व्हॉल्यूमची खुंटी फिरवली की खरखर यायची. फोंड्यातल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी ती दर दोन वर्षांनी फवारा मारून साफ करावी, आणि पुढच्या जूनपर्यंत ती पुन्हा तशीच व्हावी, असा क्रम होता. शेवटी आधी संपले ते स्पीकर. स्पीकरच्या हलणाऱ्या कागदी शंकूच्या कडेला असलेल्या फोमच्या कडीला एके दिवशी बोट लावले, तर ती काळ्या चिकट भुश्यासारखी बोटालाच आली. दमट हवेत फोमच्या कडीचे हे असेच होते. आमच्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो; त्यामुळे ज्याला गोव्यात स्पीकर घ्यायचा असेल त्याने आवाज ऐकण्याआधी कडी रबराची आहे ना, एवढे तपासून घ्यावे.

नव्या ॲम्प्लिफायरमध्ये क्लास डी हे तंत्र आहे. यातला डी म्हणजे डिजिटल नव्हे, ते केवळ ए, बी, सी नंतरचे अक्षर आहे, हे दुकानदारांनाही सांगावे लागते. जुन्या पद्धतीच्या ॲम्प्लिफायरमधले ट्रान्झिस्टर अर्धवट उघड्या नळासारखे काम करतात आणि अडवलेली वीज उष्णतेत घालवतात. क्लास डीमधले ट्रान्झिस्टर सेकंदाला काही लाख वेळा पूर्ण चालू आणि पूर्ण बंद होतात, चालू राहण्याचा काळ संगीताच्या लहरीप्रमाणे कमीजास्त होतो, आणि शेवटी एक गाळणी त्यातून मूळ लहर वेगळी काढते. अर्धवट अवस्था जवळपास नसल्यामुळे उष्णता फारच थोडी, आणि आत गेलेल्या विजेपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज स्पीकरपर्यंत पोहोचते. हे तंत्र जुनेच आहे, परंतु पूर्वी त्याचा आवाज कोरडा आणि स्पीकर बदलला की बदलणारा असे. ती खोड काढण्याचे बरेचसे श्रेय ब्रुनो पुट्झेस या बेल्जियन अभियंत्याकडे जाते. फिलिप्समध्ये असताना यूसीडी, मग हायपेक्स कंपनीत एनकोर, आणि २०१९ मध्ये डेन्मार्कच्या प्युरिफाय कंपनीत लार्स रिस्बो यांच्याबरोबर आयगेनटाक्ट, अशा एकापुढच्या एक ॲम्प्लिफायर-रचनांनी त्यांनी गाळणीलाच दुरुस्तीच्या वेढ्यात घेतले, म्हणजे गाळणीतून बाहेर पडलेली लहर मूळ लहरीशी ताडून चूक तिथल्या तिथे सुधारली. आजच्या या ॲम्प्लिफायरमधली विकृती (डिस्टॉर्शन, म्हणजे मूळ लहरीत पडणारा बिघाड) इतकी कमी असते की ती मोजायला खास उपकरणे लागतात. मानवी कानाने तिचा नाद सोडून द्यावा हे उत्तम.

मी घेतलेला ॲम्प्लिफायर मात्र इतक्या उंचीवरचा नाही. लिंकप्ले कंपनीचा २०२३ साली आलेला वीम ॲम्प आहे. पोळ्यांच्या डब्यापेक्षा लहान, आठ ओहमच्या स्पीकरला प्रत्येकी ६० वॅट देणारा, आणि त्याच्याच पोटात डॅक, इंटरनेटवरची गाणी वाजवणारा स्ट्रीमर, टीव्हीसाठी एचडीएमआय आणि हव्या त्या पट्टीतला आवाज कमीजास्त करणारा दहा बँडचा पॅरामेट्रिक इक्वलायझर. ही चार यंत्रे वेगवेगळी घ्यायची म्हटली असती तर पूर्वी एक कपाट लागले असते. एक तक्रार आहे, आणि ती ऐकून घरचे हसतात: हा तापत नाही. जुना ॲम्प्लिफायर पावसाळ्यात स्वतःच्याच उबेने कोरडा राहायचा, हा थंडगार असतो. म्हणून जून ते सप्टेंबर मी तो कधीच पूर्ण बंद करत नाही, स्टँडबायवर ठेवतो, आणि त्याच्या मागच्या कप्प्यात सिलिका जेलची पुरचुंडी असते. मांजराने अर्थातच जागा बदलली आहे.

डॅकबद्दल लिहिण्यासारखे आता फार थोडे उरले आहे. आकड्यांचे विजेच्या लहरीत रूपांतर करणारी ही चिप आज इतकी चांगली झाली आहे की फोनला जोडायची ॲपलची हजार रुपयांच्या आसपास मिळणारी इवलीशी वायर मोजमापात कालपरवापर्यंतच्या महागड्या डब्यांच्या पंगतीला बसते. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधील नोबेओका येथील एकेएमच्या चिप-कारखान्याला आग लागली आणि अनेक कंपन्यांना रातोरात दुसऱ्यांच्या, मुख्यतः ईएसएसच्या, चिपा घालून डबे नव्याने बनवावे लागले. त्या काळात दोन्ही चिपांच्या ‘स्वभावा’तील फरकावर रसभरीत वर्णने लिहिली गेली. मला तो फरक कधी ऐकू आला नाही, आणि डोळे बांधून तो सातत्याने ओळखणारा कोणी मला अजून भेटलेला नाही.

तीच गोष्ट हाय-रेझोल्यूशनची, म्हणजे सीडीहून बारीक मापाच्या ध्वनिमुद्रणाची. सीडी १९८२ साली आली ती १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ हे माप घेऊन. या मापात २२ किलोहर्ट्झपर्यंतचा प्रत्येक स्वर बसतो आणि सर्वांत मोठ्या व सर्वांत बारीक आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर राहते. माझे वय ५२. तेरा किलोहर्ट्झच्या वरचे मला काही ऐकू येत नाही, आणि पावसाळ्यात कौलांवर सर कोसळत असताना, शेतात बेडूक लागलेले असताना, ९६ डेसिबलच्या तळाशी असलेली शांतता मी आणणार कुठून? ॲपल म्युझिकने जून २०२१ पासून जादा पैसे न घेता लॉसलेस (मुद्रणातले काहीही न गाळलेली) आणि २४ बिट, १९२ किलोहर्ट्झपर्यंतची हाय-रेझोल्यूशन गाणी द्यायला सुरुवात केली, तेव्हा मीही उत्साहाने सगळे पर्याय चालू केले. मग एका रविवारी पुतणीला बसवून, वायरच्या हेडफोनवर, आवाजाची पातळी जुळवून, २५६ केबीपीएस एएसी (दाबून लहान केलेली फाइल) आणि लॉसलेस यांची डोळे मिटून परीक्षा घेतली. १६ पैकी ९ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवले असते तरी साधारण इतकीच आली असती. मी लॉसलेस तरीही चालूच ठेवले आहे, कारण ते फुकट आहे आणि मनाला बरे वाटते. परंतु त्यासाठी वेगळे पैसे मागणाऱ्याला मी आता दारातूनच परत पाठवीन. हाय-रेझोल्यूशन गाण्यांच्या एमक्यूए नावाच्या ज्या फाइल-आवरणाने काही वर्षे खास परवाना घेतलेली यंत्रे विकली, त्याची मूळ कंपनी एप्रिल २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत गेली आणि टायडल या संगीतसेवेने पुढच्या वर्षी ते आवरण सोडून दिले. त्याच्या परवान्याचा शिक्का असलेला एक डॅक माझ्याकडेही आहे. सध्या तो पुस्तकांना आधार देतो.

स्पीकर हा मात्र वेगळा विषय आहे, कारण इथे अजून यांत्रिकी आहे, कागद आणि रबर आणि चुंबक आहे. चांगला स्पीकर म्हणजे काय, याचे बऱ्यापैकी पक्के उत्तर फ्लॉइड टूल यांनी आधी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि नंतर हार्मनमध्ये, शॉन ऑलिव्ह यांच्यासह, पडद्याआड स्पीकर ठेवून केलेल्या प्रयोगांतून दिले. ऐकणाऱ्याला ब्रँड दिसत नसेल, तर बहुतेक माणसे एकच प्रकारचा स्पीकर निवडतात: समोरून सपाट प्रतिसाद देणारा, म्हणजे सगळे स्वर सारख्याच जोराने वाजवणारा, आणि बाजूंना फेकलेला आवाजही त्याच वळणाने, खाचखळगे न करता, हळूहळू कमी होत जाणारा. दुसऱ्या अटीचे महत्त्व मला फार उशिरा कळले. आपण स्पीकरचा थेट आवाज ऐकतो त्याहून जास्त भिंतींवरून परतलेला ऐकतो, आणि बाजूचा आवाज वाकडा असेल तर खोली त्या वाकडेपणाचीच उजळणी करत राहते. ड्रेस्डेनच्या क्लिपेल कंपनीच्या यंत्राने आता एका स्पीकरभोवती चहूबाजूंनी फिरून हे सगळे मोजता येते, आणि त्या आलेखांमुळे माझ्यासारख्या फोंड्यात बसलेल्या माणसालाही न ऐकता निदान वाईट स्पीकर वगळता येतात.

पर्वरीला एका मित्राकडे केईएफ कंपनीचे एलएस५० मेटा हे स्पीकर आहेत. यातला ट्वीटर (उंच स्वरांचा भोंगा) वूफरच्या (खालच्या स्वरांच्या भोंग्याच्या) मधोमध बसवलेला असतो, केईएफची ही युनि-क्यू रचना १९८८ पासूनची. २०२० च्या या आवृत्तीतली नवी गोष्ट म्हणजे ट्वीटरच्या मागे असलेली एक चकती. ट्वीटर जितका आवाज पुढे फेकतो तितकाच मागेही फेकतो, आणि मागचा आवाज परत येऊन पुढच्यात मिसळला की स्वर गढूळ होतो. त्या चकतीत भुलभुलैयासारख्या वेगवेगळ्या लांबीच्या नळ्या कोरलेल्या आहेत, प्रत्येक नळी आपापल्या पट्टीतला आवाज गिळते, आणि कंपनीच्या म्हणण्यानुसार मागचा ९९ टक्के नकोसा आवाज त्यात जिरतो. मी माझी आरती त्यावर लावली. कासाळ्यांचा आवाज, जो इतर ठिकाणी पत्र्याच्या डब्यासारखा येतो, तिथे काशाचा आला. धातूची जाडी कळली असे म्हटले तरी चालेल. घुमटे मात्र बिघडली. आणि बिघडली ती स्पीकरमुळे नव्हे. मित्राची बैठकीची खोली म्हणजे समांतर भिंतींचे, सपाट छताचे, टाइल्स घातलेले काँक्रीटचे खोके आहे. टाळी वाजवली की ती पोपटासारखी परत बोलते. लाखाच्या घरातले स्पीकर त्या खोक्यात बसून काय करणार?

माझे स्पीकर त्याच्या चौथ्या हिश्शाच्या किमतीचे, साडेसहा इंची वूफरचे, साधे बुकशेल्फ आहेत, आणि इथे घुमटाकडे परत यावेच लागते. घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडे मडके. मोठ्या तोंडावर चामडे, पूर्वी घोरपडीचे आणि ती मारण्यावर बंदी आल्यापासून बकऱ्याचे, आणि दुसरे लहान तोंड मोकळे. वाजवणारा एका हाताने थाप मारतो आणि दुसऱ्या हाताचा पंजा त्या लहान तोंडावर उघडझाप करतो. पंजा मिटत नेला की घुमारा खाली उतरतो, पूर्ण मिटला की दबतो. बुकशेल्फ स्पीकरच्या पाठीला जे गोल भोक असते, ज्याला पोर्ट म्हणतात, तेही नेमके याच तत्त्वावर चालते: पेटीतली हवा स्प्रिंगसारखी दबते आणि भोकातली हवा वजनासारखी मागेपुढे डोलते. या तत्त्वाला ज्याचे नाव आहे त्या हेल्महोल्ट्झचे नाव नंतर कळले, परंतु स्पीकर भिंतीजवळ ठेवल्यावर बेस फुगू लागला तेव्हा पोर्टमध्ये मोजा कोंबायचा, हे मला कोणी शिकवावे लागले नाही. मोजा अर्धा आत सारला आणि घुमटावर पंजा अर्धा मिटल्यासारखा फरक पडला. अनेक कंपन्या याच कामासाठी फोमचे बूच देतात. मोजा धुता येतो.

मोज्याने अर्धा प्रश्न सुटला. बाकीचा अर्धा खोलीचा होता, आणि या वर्षातली माझी सर्वांत आवडती खरेदी म्हणून मी ना ॲम्प्लिफायरचे नाव घेईन ना स्पीकरचे. ती आहे मिनीडीएसपीचा यूमिक-१ हा बोटभर लांबीचा मायक्रोफोन. यूएसबीने संगणकाला जोडायचा, त्याच्या अनुक्रमांकानुसार मिळणारी दुरुस्तीची फाइल भरायची, आणि आरईडब्ल्यू ही फुकट मिळणारी संगणक-प्रणाली चालवायची. ती स्पीकरमधून २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत चढत जाणारी एक किंकाळी सोडते आणि खोलीने त्या किंकाळीचे काय केले याचा आलेख काढून देते. पहिल्यांदा ती ऐकून आई देवघरातून बाहेर आली होती. वीमच्या ॲपमध्ये फोनच्याच मायक्रोफोनने मोजून दुरुस्ती करण्याची सोय आहे आणि नवशिक्यासाठी ती पुरेशी आहे. पण फोनचा मायक्रोफोन बोलण्यासाठी बनवलेला असतो, आणि माझे सगळे भांडण खर्जाशी होते.

आमची खोली १४ फूट लांब आणि ११ फूट रुंद, चिऱ्याच्या भिंतींची, तांबड्या कोब्याची, वर उतरते मंगळुरी कौलांचे छप्पर. छप्पर उतरते असल्यामुळे जमीन आणि छत यांच्यात आवाज अडकत नाही, कौलांच्या फटींतून बराचसा बेस सरळ बाहेर जातो, आणि शेजाऱ्यांची तक्रार सोडली तर हे कानाला फारच सुखाचे आहे. लांबीच्या दिशेला मात्र सुटका नव्हती. दोन भिंतींच्या मध्ये अर्धी लहर नेमकी मावते तेव्हा तो स्वर खोलीत उभा राहतो. १४ फुटांसाठी हा स्वर सुमारे ४० हर्ट्झचा, आणि पूर्ण लहर मावते तो ८० हर्ट्झचा. माझी खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली होती, आणि भिंतीपाशी अशा उभ्या लहरीचा दाब सर्वांत जास्त असतो. आलेखात ८० हर्ट्झवर ११ डेसिबलचा डोंगर उभा होता. माझ्या घुमटाचा घुमारा याच पट्ट्यात पडतो. म्हणजे ज्याला मी गेली अनेक वर्षे ‘भरदार आवाज’ म्हणत होतो, तो माझ्या भिंतीचा आवाज होता.

खुर्ची अडीच फूट पुढे ओढली आणि डोंगर चार डेसिबलवर आला. खर्च शून्य. उरलेल्या चार डेसिबलसाठी इक्वलायझरमध्ये ८० हर्ट्झवर एक अरुंद कात्री लावली. मग मोह झाला तो १४० हर्ट्झच्या आसपासचा खड्डा भरण्याचा. हा खड्डा स्पीकर त्याच्या पाठीमागच्या भिंतीपासून दोन फुटांवर असल्यामुळे पडतो. भिंतीवरून परतलेली लहर पाव लहर जाऊन पाव लहर परत येते, उलटी होऊन पोहोचते आणि मूळ लहरीला खाऊन टाकते. इथे आवाज वाढवला तर परतणारी लहरही तितकीच वाढते, खड्डा तसाच राहतो आणि ॲम्प्लिफायर मात्र विनाकारण दमतो. डोंगर छाटावेत, खड्डे भरू नयेत, हे मी वाचलेले होते. तरीही सहा डेसिबल वाढवून पाहिलेच, आणि वूफरने फटफट आवाज काढल्यावर गुपचूप काढून टाकले. खड्ड्याला उपाय स्पीकर सरकवणे हाच. तो थोडा पुढे आला, खड्डा थोडा सरकला, आणि आता झाडू मारताना स्पीकर आडवे येतात म्हणून रोज एक वाक्य ऐकावे लागते. डाव्या भिंतीवर, जिथून आवाज पहिल्यांदा परततो तिथे, आजीची जाड वाकळ टांगली आहे. उजवी बाजू चौकाकडे उघडी असल्यामुळे तिथे काही टांगण्याची गरज नव्हती, आणि वाकळीमुळे दोन्ही बाजू कानाला सारख्या झाल्या.

ज्यांना इतके वाकून मोजायचे नाही त्यांच्यासाठी स्वीडनमधील उप्साला येथील डिरॅक कंपनीची, खोली मोजून आवाज आपोआप सुधारणारी प्रणाली अनेक ॲम्प्लिफायरमध्ये येते. ती केवळ पातळी नव्हे, तर लहर पोहोचण्याची वेळही सुधारते, आणि तिच्या एआरटी या अलीकडच्या शाखेत खोलीतले बाकीचे स्पीकर उलटी लहर सोडून पहिल्या स्पीकरने उभा केलेला घुमारा विझवतात. ही कल्पना मला या दशकातली सर्वांत मोठी वाटते. दोनच स्पीकर असलेल्या माणसाला तिचा उपयोग मर्यादित आहे, म्हणून मी तूर्त वाकळीवर समाधानी आहे.

वीज हा गोव्यातला वेगळाच अध्याय. मागच्या ऑक्टोबरात परतीच्या पावसाच्या गडगडाटात आधीचा एक लहान ॲम्प्लिफायर जळाला, आणि तो भिंतीतल्या प्लगमधून आलेल्या विजेने नव्हे. प्लगला चांगला सर्ज प्रोटेक्टर होता. वीज पडली जवळच्या माडावर, धक्का उतरला कौलांवरच्या डिशच्या तारेत, तिथून सेट-टॉप बॉक्स, मग टीव्ही, आणि टीव्हीतून एचडीएमआयच्या वायरने थेट ॲम्प्लिफायरमध्ये. दुरुस्ती करणाऱ्याने झाकण उघडले तेव्हा एचडीएमआयच्या सॉकेटशेजारची चिप फोडासारखी वर आलेली होती. तेव्हापासून टीव्ही आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये मी ऑप्टिकल वायर वापरतो. तोशिबाने १९८३ साली आणलेली ही टॉस्लिंकची वायर आता जुनाट समजली जाते, तिच्यातून लॉसलेस ॲटमॉस (डॉल्बीचा चहूबाजूंनी येणारा आवाज) जात नाही, टीव्हीच्या रिमोटने आवाज कमीजास्त करण्याची सोयही बहुतेक वेळा जाते. परंतु तिच्यात तांबे नाही, नुसता प्रकाश आहे, आणि प्रकाशाच्या वाटेने वीज येत नाही. केबलवर हजारो रुपये घालवण्याची हौस असेल तर ती अशी भागवावी.

तबकड्यांबद्दल थोडेसे, कारण नव्या यंत्रांतला माझा दुसरा आवडता तुकडा तिथे आहे. वडिलांनी जमवलेल्या ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या, नाट्यसंगीत आणि ख्यालाच्या, दर पावसाळ्यात बुरशीची पांढरी रांगोळी अंगावर घेऊन कपाटातून निघतात. आजच्या एलपीच्या सुईने त्या वाजवल्या तर बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी घसरत जाते आणि तिथला सगळा कचरा ऐकवते. ऑडिओ-टेक्निकाने व्हीएम९५ या मालिकेत खास ७८ फेऱ्यांसाठी तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाड सुई ठेवली आहे, आणि त्यांच्या एलपी१२० या टर्नटेबलला ७८ चा वेगही आहे. एलपीसाठी फोनो ॲम्प्लिफायरमध्ये जी आरआयएए दुरुस्ती (खर्ज वाढवून आणि उंच स्वर दाबून केलेली भरपाई) असते ती १९५४ च्या सुमारास ठरली. तिच्या आधीच्या तबकड्यांना ती तशीच लावली की आवाज घोंगडी पांघरल्यासारखा येतो, म्हणून मी ती संगणकावर उलटवून घेतो. केसरबाईंच्या तीन मिनिटांच्या एका बाजूतून खरखर बाजूला झाल्यावर जो आकार बाहेर पडतो, तो ऐकताना माणसाला यंत्राचे भान राहत नाही. १९७७ साली व्हॉएजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी गेली, तिच्यावर त्यांची भैरवी आहे. ती तबकडी मिनिटाला १६ पूर्णांक दोन तृतीयांश फेऱ्यांनी वाजवायची आहे, आणि सोबत सुईसुद्धा पाठवली आहे. बुरशीचा त्रास तिला नाही, याचा मला थोडा हेवा वाटतो.

या आठवड्यात चवथीच्या तयारीसाठी धाकटे काका आले होते. सगळी जुळवाजुळव पूर्ण झाल्यानंतर त्यांनी आरतीचे रेकॉर्डिंग पहिल्यांदाच ऐकले. मी त्यांना अडीच फूट पुढे ओढलेल्या खुर्चीत बसवले आणि काही न बोलता तिसरी आरती लावली. पूर्वी तिन्ही घुमटे मिळून एकच मोठा ढग वाजत असे. आता ती वेगवेगळ्या जागी बसून वाजतात, पुतण्याचे उजवीकडे, माझे मधोमध, आणि तिसरे पार डावीकडे, समईच्या बाजूला. ताल सुटला तो डावीकडे. काका बराच वेळ डाव्या स्पीकरकडे पाहत राहिले, मग वाकळीकडे पाहिले, आणि म्हणाले, “रेकॉर्डर उलटा बांधला होतास काय रे तू?”